झोप लागताना आतून थरथरतं, आणि हात लावला तर काहीच नाही

(रुग्णाच्या संमतीने लिहिलेलं हे प्रकरण आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, वय आणि काही तपशील बदलले आहेत.)

पार्श्वभूमी

रोहिणीताई, वय ४४. कार्यालयात हिशेब तपासण्याचं काम, दिवसाचे आठ-नऊ तास खुर्चीत. मधुमेह, रक्तदाब, दमा यांपैकी काही नाही. दारू-तंबाखू नाही. मी त्यांच्या घरचा फॅमिली डॉक्टर, पण गेल्या वर्षभरात त्या माझ्याकडे दोनदाच आल्या होत्या, तेही सर्दी-खोकल्यासाठी. वडिलांचं लांबलेलं आजारपण आणि मग निधन एवढं मला माहीत होतं. त्या काळात त्यांनी आणखी कुणाला दाखवलं, काय घेतलं, हे मी विचारलं नाही.

त्या यजमानांना घेऊन आल्या तेव्हा तक्रार सुरू होऊन साडेतीन आठवडे झाले होते.

तक्रार

"डॉक्टर, डोळा लागत आला की आतून थरथरायला लागतं. बाहेरून काही दिसत नाही. ह्यांनी पाठीवर हात ठेवून पाहिलं, ह्यांना काहीच लागत नाही."

यजमान म्हणाले, "चांगली दहा मिनिटं हात ठेवून बसलो होतो. श्वास कळला, बाकी काही नाही."

अशा वेळी मी शब्दांवर वेळ घालवतो. आपल्या भाषेत या जातीच्या जाणिवांना बरेच शब्द आहेत आणि प्रत्येकाची वाट वेगळ्या अवयवाकडे जाते. झिणझिण्या म्हटलं की नसा, बी-१२, साखर. धडधड म्हटलं की हृदय. दचकणं म्हटलं की झोप लागताना अंगाला बसणारा तो एकच झटका, जो बहुतेकांना कधी ना कधी बसतोच. पायात वळवळ, पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, असं म्हटलं की अस्वस्थ पाय. कापरं भरणं म्हटलं की ताप, भीती किंवा साखर उतरणं. म्हणून मी एकेक शब्द पुढे केला. त्यांनी सगळे नाकारले. "यातलं कुठलंच नाही. मोबाइल व्हायब्रेटवर ठेवून उशीखाली ठेवला तर कसं वाटेल, तसं. फक्त उशी म्हणजे मी."

बाकीचा तपशील असा. थरथर छातीच्या मागून सुरू होते आणि मांड्यांपर्यंत पसरते. वेळा दोन: झोप लागताना, आणि पहाटे तीन-चारच्या सुमारास जाग येते तेव्हा. दोन मिनिटांपासून वीस मिनिटांपर्यंत टिकते. उठून चार पावलं चाललं की जाते. दिवसा कधीच नाही. फक्त एकदा दुपारी खुर्चीतच डुलकी लागत होती तेव्हा तशीच आली होती.

ही शेवटची गोष्ट त्यांनी दाराशी जाता जाता सांगितली. माझ्या मते त्या भेटीतला तोच सगळ्यात कामाचा तपशील होता. थरथर रात्रीला बांधलेली नव्हती, पलंगाला नव्हती, आडवं होण्यालाही नव्हती. ती जाग आणि झोप यांच्या उंबरठ्याला बांधलेली होती.

पहिली तपासणी

दोन्ही हात पुढे ताणून त्यावर एक कोरा कागद ठेवायला सांगितला. बारीक कंप डोळ्यांना दिसत नसला तरी कागदाची कड तो दाखवते. कड स्थिर होती. गोगलगायीसारखं वर्तुळाकार चित्र काढून घेतलं, रेष स्वच्छ आली. सही जुन्या सहीशी जुळली. टाचेवर, चवड्यावर चालणं ठीक. ताकद दोन्ही बाजूंना सारखी. गुडघ्यावर हातोडी मारली की पाय जरा जोरात उडत होता, पण दोन्हीकडे सारखाच. नाडी ८४, नियमित. वास येणं कमी झालंय का, झोपेत हातपाय झाडता का, स्वप्नात ओरडता का, हेही विचारलं. कंपवाताच्या आधी काही वर्षं अशा खुणा दिसू शकतात. सगळ्यांचं उत्तर 'नाही' असंच आलं. घोरणं नाही, सकाळी जीभ चावलेली किंवा गोंधळलेपण नाही.

मग नेहमीचा प्रश्न. "सध्या कुठली औषधं चालू आहेत?"

"नाही, काहीच नाही."

मी केसपेपरवर लिहिलं: औषधे नाहीत. पुढच्या दोन महिन्यांत ही ओळ माझ्या डोळ्यांखालून अनेकदा गेली.

पहिला निर्णय: धीर द्यायचा, पुढे पाठवायचं की तपासायचं

तीन वाटा होत्या. एक, "काळजीमुळे होतंय" म्हणून समजावून घरी पाठवणं. वडील गेल्याला वर्षही झालेलं नव्हतं, त्यामुळे हे निदान हाताशी तयारच होतं. पण आतली थरथर जाणवते आणि बाहेर काही दिसत नाही, हे वर्णन कंपवात, मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या नसांचं आवरण खराब करणारा आजार) अशा आजारांतले रुग्णही करतात. ते भासासारखं वाटतं म्हणून सोडून द्यायचं नसतं. दोन, लगेच मेंदूविकारतज्ज्ञ आणि एमआरआय. तपासणीत एकही बोट दाखवायला जागा नसताना मला ती घाई वाटली. तीन, रक्ताच्या साध्या तपासण्या, हृदयाचा आलेख आणि दोन आठवड्यांची नोंदवही.

मी तिसरी वाट धरली. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉइड, साखर, कॅल्शियम, पोटॅशियम, मॅग्नेशियम, बी-१२, क्रिएटिनिन. नोंदवहीत चारच रकाने: थरथर आली का, किती वाजता, किती वेळ, आणि त्या वेळी यजमानांनी मोजलेली नाडी. हिशेबाचं काम करणारी बाई. वही इतकी नेटकी आली की पुढे माझ्या आठवणीपेक्षा मी तिच्यावरच विसंबलो.

नाडी मोजण्याचा फायदा लगेच झाला. थरथर चालू असताना नाडी ७६ ते ८२, ठोके सरळ. हृदयाची लय बिघडत असल्याची शंका मी तिथेच बरीच खाली ढकलली.

चुकीची वाट: थायरॉइड

आलेख ठीक. साखर, क्षार, बी-१२ ठीक. फेरिटिन २२, म्हणजे लोहाचा साठा कमी. आणि टीएसएच (थायरॉइडला कामाला लावणारा संप्रेरक; थायरॉइड जास्त चाललं की तो उतरतो) ०.१८, साधारण ०.४ ते ४ च्या दरम्यान असायला हवा तो. सोबतचं फ्री टी-४, म्हणजे थायरॉइडचं स्वतःचं संप्रेरक, वरच्या मर्यादेच्या किंचित पुढे.

कबूल करतो, मला हायसं वाटलं. थायरॉइड जास्त चालत असेल तर कंप येतो, झोप मोडते, हातोडीला पाय जोरात उडतो. सगळं एका ओळीत बसत होतं. मी फोन करून सांगून टाकलं, "सापडलं. थायरॉइड आहे."

ते वाक्य मी घाईने बोललो. संध्याकाळी कागद पुन्हा चाळताना न बसणाऱ्या गोष्टी दिसायला लागल्या. वजन कमी होण्याऐवजी दीड किलोने वाढलेलं. उकडणं, घाम, जुलाब यांतलं काही नाही. सकाळी उठल्यावरची नाडी ७०. आणि तो कागद: थायरॉइड खरंच इतकं चढलं असतं तर कागदाची कड हलायला हवी होती, दिवसाढवळ्या हलायला हवी होती.

औषध सुरू करण्याआधी तपासणी पुन्हा करायचं ठरवलं आणि प्रयोगशाळेत फोन केला. तिथल्या पॅथॉलॉजिस्टने पहिलाच प्रश्न विचारला, "पेशंट बायोटिन घेतात का?"

घेत होत्या. केस गळतात म्हणून रोज १० मिलिग्रॅमची एक गोळी, चार महिन्यांपासून. शरीराची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात. म्हणजे ही तीनशेपटीहून जास्त झाली. बायोटिनने थायरॉइडला काही होत नाही, तपासणीला होतं. काही यंत्रांची मोजण्याची पद्धतच बायोटिनच्या चिकटण्यावर उभी आहे. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटा कमी आणि टी-४ खोटं जास्त येतं, अगदी थायरॉइड वाढल्याचं हुबेहूब चित्र. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला होता. मी तो वाचलेला होता. वाचलेलं वेळेवर आठवणं हा वेगळाच भाग आहे.

"पण तुम्ही तर औषधं नाहीत म्हणालात," मी म्हणालो.

"ते औषध थोडंच आहे डॉक्टर, ते व्हिटॅमिन आहे."

बायोटिन आठवडाभर बंद ठेवून पुन्हा रक्त घेतलं. खरं तर दोन-तीन दिवस पुरतात. टीएसएच २.१, टी-४ व्यवस्थित. थायरॉइड बाद झालं. मी "सापडलं" म्हणून बसलो होतो, ते परत घ्यावं लागलं. माझ्या शब्दाला त्यानंतर त्यांच्या लेखी जरा कमी वजन उरलं, आणि पुढची घडामोड त्यातूनच आली.

घरी काय चाललं होतं

या काळात रोहिणीताई रात्री दोन-दोन तास मोबाइलवर शोधत होत्या. आधी कंपवात, मग मल्टिपल स्क्लेरोसिस, मग स्नायू झिजत जाणारा तो भयंकर आजार. शोधून झालं की मोबाइलच्या टॉर्चमध्ये स्वतःच्या दंडाकडे बघत बसायचं, मांस फडफडतंय का ते. यजमानांना उठवायचं नाही म्हणून पांघरूण डोक्यावर घेऊन.

त्यांनी दोन प्रयोगही केले. पहिला मला आवडला: तीन रात्री बहिणीकडे जाऊन झोपल्या. पंप, फ्रीजचा कॉम्प्रेसर, रस्त्यावरची जड वाहनं यांचा मंद हादरा पलंगाच्या पायातून चढतो आणि शांततेत तो अंगातलाच वाटतो, असं होऊ शकतं. थरथर त्यांच्यासोबत बहिणीकडेही गेली. म्हणजे कारण घराच्या भिंतीत नव्हतं. हा प्रयोग मी सुचवायला हवा होता.

दुसऱ्या प्रयोगाने मात्र त्यांची झोप उडवली. हालचाल मोजणारं एक ॲप घेऊन मोबाइल छातीवर ठेवला, तर पडद्यावर बारीक, एकसारख्या टोकांची माळ उमटली. "आता तरी यंत्रात आलंय," असं म्हणत त्यांनी मला ते चित्र दाखवलं. मी टोकं मोजली. मिनिटाला ७४. मग त्यांच्या मनगटावर बोट ठेवून नाडी मोजली. ७४.

प्रत्येक ठोक्याला हृदय रक्त बाहेर फेकतं आणि त्याच्या उलट धक्क्याने अख्खं शरीर कणभर हलतं. सगळ्यांचंच. १९३० च्या दशकाच्या अखेरीस आयझॅक स्टार या अमेरिकी डॉक्टरांनी रुग्णाला टांगत्या पलंगावर निजवून ही हालचाल नोंदवण्याचं तंत्र पुढे आणलं होतं. मोबाइलमधला सेन्सर आज तेच टिपतो. पण रोहिणीताईंना जाणवत होतं ते याहून कितीतरी जलद, गुणगुणल्यासारखं. ॲपने जे दाखवलं ते खरं होतं, फक्त ते त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हतं. हे समजावताना मला दिसलं की त्यांना पटतंय, आणि तरी ते चित्र त्या मोबाइलमधून काढणार नाहीत.

दुसरा निर्णय: एमआरआय

त्यांनी एमआरआयची मागणी केली. मी नाही म्हणालो. माझी कारणं आजही मला बरोबर वाटतात: तपासणी दोनदा स्वच्छ, तक्रार वाढत नाही, एका बाजूची नाही, आणि निरोगी माणसांच्या एमआरआयमध्येही काही ना काही किरकोळ सापडतं. चूक नकार देण्याच्या पद्धतीत झाली. एमआरआय कधी करू, हे मी सांगितलंच नाही. "हात दिसेल असा कापायला लागला, एका बाजूची ताकद कमी झाली, चाल बदलली, बोलणं जड झालं, शुद्ध हरपली, तर त्याच दिवशी करू," एवढं म्हणालो असतो तर त्यांच्या हातात काहीतरी ठोस राहिलं असतं. नुसता नकार ऐकून, आणि थायरॉइडवरून मी एकदा तोंडघशी पडलेला असताना, त्या दुसरीकडे गेल्या आणि एमआरआय करून आल्या.

अहवालात एक ओळ होती: मेंदूच्या पांढऱ्या भागात दोन-तीन बारीक, अविशिष्ट ठिपके. अर्धशिशी असणाऱ्यांत, रक्तदाब असणाऱ्यांत आणि नुसतं वय वाढलेल्यांतही असे ठिपके दिसतात. रोहिणीताईंनी ती ओळ घरी शोधली आणि पहिल्याच पानावर मल्टिपल स्क्लेरोसिस निघालं. पुढचे दोन आठवडे वहीत झोपेचे तास साडेतीन, चार, साडेतीन असे आहेत.

आता मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवणं भागच होतं. तीन आठवडे आधी पाठवलं असतं तर बरं झालं असतं.

एक प्रश्न

मेंदूविकारतज्ज्ञ मॅडमनी अर्धा तास तपासलं. ठिपक्यांची जागा, आकार आणि तपासणी पाहता हे मल्टिपल स्क्लेरोसिस नाही, असं स्पष्ट सांगितलं. कंपवाताचीही खूण नाही. मग, रोहिणीताईंनी नंतर मला सांगितलं त्याप्रमाणे, पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं:

"गेल्या सहा महिन्यांत तुम्ही काय काय बंद केलंत?"

"एक झोपेची गोळी बंद केली. पण ती तर मी स्वतःच सोडली, कधीच."

वडिलांच्या आजारपणात जागरणं होत होती तेव्हा एका डॉक्टरांनी क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम रात्री एक, पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. पंधरा दिवसांचे नऊ महिने झाले. मग सवय लागते असं कुठेतरी वाचलं आणि एका महिन्याच्या एक तारखेपासून एकदम बंद. गोळ्यांची उरलेली पट्टी कपाटाच्या खणात तशीच होती. सोडल्यावर दोन-चार रात्री झोप कमी आली, पण त्यांनी निभावलं. त्यांच्या मनात ही सुटकेची, जिद्दीची गोष्ट होती. आजाराच्या गोष्टीत ती येईलच कशी? मीही विचारलं होतं ते "चालू" काय आहे एवढंच, आणि त्याचं उत्तर त्यांनी अगदी खरं दिलं होतं.

वही उघडली. पहिली थरथर त्याच महिन्याच्या दहा तारखेला. कार्यालयातल्या एका मोठ्या बैठकीच्या आदल्या रात्री, म्हणून तारीख पक्की.

एक आणि दहा यांचा मेळ बसतो. क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण ३० ते ४० तास लागतात. त्यामुळे त्रास दुसऱ्या दिवशी न येता काही दिवसांनी येतो, आणि तोवर माणूस गोळी विसरलेला असतो. ही गोळी मेंदूतल्या गाबा नावाच्या रसायनाचा, म्हणजे ब्रेकचा, जोर वाढवते. महिनोन्महिने बाहेरून जोर मिळाला की मेंदू स्वतःचा ब्रेक सैल ठेवायला शिकतो. गोळी एकदम काढली की सैल ब्रेक तेवढा उरतो, आणि तो पुन्हा आवळला जायला आठवडे, कधी महिने लागतात. आतली थरथर, आवाज सहन न होणं, दचकणं, झोप मोडणं ही त्या काळातली ओळखीची लक्षणं आहेत.

उंबरठ्यावरच का? इथून पुढे माझा तर्क आहे. सगळ्यांच्या स्नायूंत सेकंदाला ८ ते १२ वेळा होणारा एक सूक्ष्म कंप कायम चालू असतो; जागेपणी बाहेरच्या गलक्यात तो कळत नाही. झोप लागताना बाहेरचा गलका बंद होतो आणि ब्रेक सैल असलेला मेंदू आतलं ऐकत बसतो. त्यात रोज रात्री टॉर्च घेऊन वाट पाहण्याची भर.

तिसरा निर्णय: गोळी पुन्हा द्यायची का

हा सगळ्यात अवघड निर्णय होता आणि यावर मॅडमचं आणि माझं सुरुवातीला एकमत नव्हतं.

गोळी एकदम सोडल्यानंतर लवकरच त्रास झाला, तर ती पुन्हा सुरू करून अगदी हळू कमी करणं ही रुळलेली पद्धत आहे. दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के, एवढ्या सावकाश. माझा कल तिकडे होता; त्यांची दोन महिन्यांची दशा मी पाहिलेली होती. मॅडमचं म्हणणं: गोळी सोडून अकरा आठवडे झालेत, मेंदूने बराच रस्ता कापलाय, आता पुन्हा दिली तर फायदा होईलच असं नाही, आणि सोडण्याची सगळी कसरत नव्याने करावी लागेल.

निकाल वहीने दिला. सुरुवातीच्या आठवड्यांत सातांपैकी सहा-सात रात्री थरथर होती. एमआरआयचा वाईट पंधरवडा धरूनही शेवटच्या आठवड्यात ती चार रात्रींवर आलेली होती. रोजची भीती वाढत असताना रोजची थरथर कमी होत होती, हे आम्हा कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं, कारण आम्ही एकेक रात्र बघत होतो. रोहिणीताईंनीच ती बेरीज टेबलावर केली आणि म्हणाल्या, "मग गोळी नको."

प्रोप्रानोलोल, गाबापेंटिन, नैराश्यावरची एखादी गोळी, हे पर्यायही बोलण्यात आले. एक औषध सुटतंय तोवर दुसरं लावायचं नाही, असं ठरलं.

काय केलं

झोपेसाठीची वर्तनोपचार पद्धत, सहा आठवडे. त्यातला कणा एकच: पलंगावर फक्त झोपेपुरतंच राहायचं. झोप प्रत्यक्षात पाच तास येत होती आणि त्या पलंगावर नऊ तास काढत होत्या. म्हणून रात्री बाराला आडवं व्हायचं, सकाळी सहाला उठायचं, सुट्टीच्या दिवशीही. वीस मिनिटांत झोप नाही आली तर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसायचं. पहिला आठवडा वाईट गेला. दुपारी बैठकीत पेंगल्या, माझ्यावर चिडल्या. तिसऱ्या आठवड्यापासून पाठ टेकली की झोप यायला लागली. मग वेळ पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेली.

रात्रीची नोंद बंद केली. त्याऐवजी सकाळी वहीत एकच खूण: आली किंवा नाही. किती वाजता, किती वेळ, हे लिहायचं नाही. ॲप काढलं, ते त्यांनी माझ्यासमोर काढलं, चित्र मात्र ठेवलं. दुपारनंतर चहा-कॉफी नाही, कारण कॅफिन निम्मं उतरायलाच पाचएक तास घेतं.

लोहाची गोळी एक दिवसाआड. अस्वस्थ पायांच्या तक्रारीत फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह देतात. रोहिणीताईंना ती तक्रार नव्हती, पण २२ हा आकडा तसाच सोडण्यासारखाही नव्हता. यामुळे पुढे कशाचा किती फायदा झाला हे सांगणं अवघड झालं, ते मला मान्य आहे.

पुन्हा असं प्रकरण आलं तर

औषधांचा प्रश्न मी आता तीन तुकड्यांत विचारतो. काय चालू आहे. जे तुम्ही औषध समजत नाही असं काय घेता, म्हणजे केसांचं, वजनाचं, व्यायामाचं, झोपेचं, कुणी दिलेलं चूर्ण. आणि वर्षभरात काय बंद केलं किंवा कमी केलं. तिसऱ्या प्रश्नाला लोक थांबतात, वर बघतात, आणि मग काहीतरी निघतं. नैराश्यावरच्या गोळ्या एकदम सोडल्यावरही असे आतले कंप आणि डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके येतात. दम्याचा पंप आणि थायरॉइडच्या गोळीचा वाढलेला डोस चालू असतानाच कंप आणतात. त्यामुळे तिन्ही तुकडे लागतात.

तक्रारीची सुरुवात कुठल्या तारखेला, आणि त्याआधीचे तीस दिवस कसे गेले, हे पहिल्याच भेटीत कॅलेंडर समोर ठेवून विचारायला हवं होतं. "काय होतंय" यावर मी अर्धा तास दिला, "केव्हापासून" यावर अर्धं मिनिट.

रक्त घेण्याआधी बायोटिन विचारणं आता पक्कं आहे. आणि संख्या वाईट आली तरी ती माणसाशी जुळते का हे बघितल्याशिवाय फोन करत नाही.

रोहिणीताई या प्रकरणात एका बाबतीत सुदैवी ठरल्या. क्लोनाझेपामसारखी गोळी रोज घेणाऱ्याने एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. डोस मोठा असेल तर जिवावरही बेततं. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या गटातल्या सगळ्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात सवय आणि सोडतानाचा त्रास याबद्दल ठळक चौकटीतला इशारा छापायला लावला. हे वाचून कुणाला आपली गोळी सोडावीशी वाटली, तर ती लिहून देणाऱ्याला विचारून, पायरी-पायरीने.

परिणाम

गोळी सोडल्यापासून सतराव्या आठवड्यात थरथर आठवड्यातून एक रात्र. सहा महिन्यांनंतर महिन्यातून एखादी, बहुतेक जागरण झालं की. फेरिटिन ६४. एमआरआय पुन्हा केला नाही. सहा महिन्यांनी मॅडमनी पुन्हा तपासलं, फरक नव्हता.

कारण सिद्ध झालं असं मी म्हणणार नाही. तारखा जुळतात, औषधाची चाल जुळते, उतार जुळतो. पण उतार उपचारांच्या आधीच सुरू झालेला होता, आणि वडील गेल्याचं पहिलं वर्षही त्याच सुमारास सरलं.

शेवटच्या भेटीत त्या वही परत मागायला आल्या होत्या. हे लिहिण्यासाठी मी ठेवून घेतली होती. म्हणाल्या, "शेवटची थरथर मागच्या मंगळवारी. किती वेळ होती विचारू नका, मला झोप लागली." मग जाता जाता विचारलंच, "तरी डॉक्टर, नक्की कशाने गेलं? त्या वेळेच्या शिस्तीने, लोहाने, की नुसते दिवस गेले म्हणून?"

मी म्हणालो, "दिवसांचा वाटा सगळ्यात मोठा असावा."

"मग तुमची फी कशाची?" असं म्हणून हसत त्यांनी वही पिशवीत टाकली.